श्वासावाटे औषध : खान्देशातील धुरीपासून नॅनोकणांपर्यंत

औषध शरीरात जाण्याच्या मुख्य वाटा मोजक्याच आहेत : तोंड, त्वचा, शीर आणि श्वास. यांपैकी श्वासाची वाट फार जुनी आहे आणि तिचे नीट मोजमाप मात्र सर्वांत उशिरा झाले. बाळंतिणीच्या खोलीतील ओव्याची धुरी, सर्दीवरचा वाफारा, दमेकऱ्याच्या खिशातला पंप आणि फुप्फुसाच्या कर्करोगासाठी आज प्रयोगशाळेत घडवले जाणारे नॅनोकण हे एकाच वाटेवरचे टप्पे आहेत. जळगाव आणि धुळे या खान्देशच्या जिल्ह्यांत हे सगळे टप्पे पाहायला मिळतात. कापसाची धूळ, बिडीचा धूर आणि चुलीची काजळी यांनी येथील फुप्फुसांना त्रास दिला. त्याच मुलखात, शिरपूर, चोपडा, फैजपूर आणि जळगाव येथे, औषधाचे सूक्ष्मकण बनवण्याचे शिक्षण आणि संशोधन गेल्या तीन दशकांत रुजले.

धूमपान, धुरी आणि वाफारा

आज सार्वजनिक ठिकाणच्या पाटीवर ‘धूम्रपान’ हा शब्द दिसतो तो मनाईसाठी. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मात्र धूमपान हा उपचार होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाचे प्रायोगिक, स्नैहिक आणि वैरेचनिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. सुश्रुताने यांत खोकल्यावरील कासघ्न आणि उलटी घडवणारा वामनीय धूम यांची भर घातली. रोजच्या वापराच्या धूमवर्तीसाठी चंदन, वाळा, वेलदोडा, ज्येष्ठमध, गुग्गुळ यांसारखी द्रव्ये वाटून त्यांचा लेप बोरूच्या काडीला द्यायचा, सुकल्यावर काडी ओढून घ्यायची आणि उरलेली पोकळ वात तुपाने माखून नळीत बसवून पेटवायची, असा विधी होता.

या विधीत नळीला फार महत्त्व होते. धूमनेत्र नावाच्या या नळीची लांबी प्रकारानुसार ठरलेली होती : वैरेचनिकासाठी २४ अंगुळे, स्नैहिकासाठी ३२ आणि प्रायोगिकासाठी ३६. अंगुळे ज्याची त्याची धरायची, म्हणजे मापही माणसागणिक बदलायचे. नळी सरळ आणि तीन पेरांची असावी, तिचे टोक बोराच्या बीएवढे असावे, असेही सांगितले आहे. लांबून आलेला, पेरापेराला अडलेला आणि नळीत पातळ झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही, हे त्यामागचे कारण चरकाने दिले आहे. धूर तोंडावाटे सोडावा, नाकावाटे नाही, कारण उलट्या वाटेने गेलेला धूर डोळ्यांना अपाय करतो, हा नियमही तेथेच आहे. धूर किती दाट आणि किती वेगाने घशाशी पोचतो यावर उपचाराचे हित-अहित ठरते, ही जाण या वर्णनात स्पष्ट दिसते. आजच्या दमेकऱ्याला पंपापुढे लावण्यासाठी जी प्लॅस्टिकची पोकळ नळी म्हणजे स्पेसर देतात, तिचे कामही हेच आहे : तुषारांचा वेग कमी करणे आणि मोठे थेंब वाटेतच अडवणे.

ग्रंथांतील विधी वैद्यांपुरता राहिला, पण त्याची घरगुती रूपे महाराष्ट्रभर टिकली आणि खान्देशातही टिकली. बाळ-बाळंतिणीला शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि वावडिंग टाकून धुरी देत. सर्दी-पडशात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर घोंगडी किंवा चादर पांघरून वाफारा घेत. पुढे दवाखाने आले तेव्हा त्याच पाण्यात टिंक्चर बेन्झॉइनचे किंवा निलगिरी तेलाचे थेंब पडू लागले. या उपचारांनी नाक मोकळे होई आणि घशाला आराम मिळे. पण किती औषध आत गेले आणि ते कुठे पोचले, हे कोणालाच मोजता येत नव्हते. वाफेचे मोठे थेंब नाक-घशातच विरतात. खोल फुप्फुसापर्यंत त्यांतले फार थोडे जातात. बंद खोलीतली धुरी तर तान्ह्या बाळाच्या नाजूक श्वासनलिकांना त्रासच देते. म्हणून आजचे बालरोगतज्ज्ञ तिला नको म्हणतात.

धोतरा आणि अडुळसा

खान्देशच्या माळावर आणि गावकुसाजवळ उगवणाऱ्या दोन झाडांनी श्वसनाच्या औषधांच्या जागतिक इतिहासात भाग घेतला. पहिले धोतरा. त्याची पाने किंवा मुळे जाळून धूर घेतला की दम्याचा जोर ओसरतो, हे भारतात पूर्वीपासून माहीत होते. मद्रासमधील ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी जेम्स अँडरसन यांच्याकडून हा उपाय जनरल जेंट यांना कळला आणि १८०२ मध्ये तो ब्रिटनला पोचला. पुढे शंभरहून अधिक वर्षे युरोप-अमेरिकेत धोतऱ्याच्या पानांच्या दमा-सिगारेटी विकल्या गेल्या. धोतऱ्यातील ॲट्रोपिनसारखी द्रव्ये श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंचे आकुंचन सोडवतात. पण हीच द्रव्ये मात्रा थोडी चुकली तरी भ्रम निर्माण करतात आणि जीवही घेतात. विसाव्या शतकात रसायनतज्ज्ञांनी ॲट्रोपिनच्या रेणूत बदल करून इप्रॅट्रोपियम बनवले. ते श्वासनलिकेतच काम करते आणि रक्तात फारसे उतरत नाही. आज नेब्युलायझरमध्ये घातल्या जाणाऱ्या औषधांत ते नित्याचे आहे.

दुसरे झाड अडुळशाचे. त्याच्या पानांचा रस मधातून खोकल्यावर देण्याची पद्धत घरोघरी होती. पानांतील व्हॅसिसिन या अल्कलॉइडच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन आणि त्यापासून अँब्रोक्सॉल ही कफ पातळ करणारी औषधे तयार झाली. दोन्ही झाडांच्या बाबतीत झाडातला गुण खरा होता. मात्रा बांधली, घातक अंश वगळला आणि औषध नेमके हवे तेथे पोचवले, तेव्हा त्या गुणाचे भरवशाचे औषध झाले.

खान्देशच्या हवेतले कण

श्वासाची वाट औषधाला जशी मोकळी, तशीच अपायालाही. खान्देशच्या अर्थव्यवस्थेने ही बाजू पुरेपूर दाखवली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, अमेरिकन कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मागणी भारतीय कापसाकडे वळली. त्याच सुमारास लोहमार्ग खान्देशात आला आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. पाठोपाठ जळगावात कापड गिरणी आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरात प्रताप शेठ यांची प्रताप मिल सुरू झाली. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यांची ठाणी अनुक्रमे जळगाव आणि धुळे. दोन्ही जिल्ह्यांत कापूस हेच मुख्य नगदी पीक होते.

जिनिंगच्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या डोक्या-भुवयांवर पांढरा कीस बसतो आणि उजेडाच्या तिरिपेत हवा धुरकट दिसते. कापसाच्या या धुळीतून बिसिनोसिस हा फुप्फुसाचा व्यवसायजन्य आजार होतो. सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे हे त्याचे ठळक लक्षण. दिवसेंदिवस धूळ जात राहिली तर दम कायमचा लागतो. बिसिनोसिस हा कर्करोग नव्हे, पण श्वासातल्या कणांचा आणि आजाराचा संबंध गिरणी कामगारांच्या छातीत दिसू लागला होता.

कर्करोगाशी थेट नाते तंबाखूचे. तंबाखू दख्खनमध्ये सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत पोचली होती. विजापूरहून परतलेल्या असद बेग या मोगल दूताने ती अकबराच्या दरबारात सादर केली, ती १६०४ च्या सुमारास. त्याआधी थोड्याच वर्षांत, १६०१ मध्ये, असीरगड पडून खान्देश मोगलांकडे गेला होता. पुढे चिलीम आणि हुक्का आणि त्यांच्या मागोमाग बिडी आली. बिडीचे पान तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे. सातपुड्याच्या जंगलात तेंदूपत्ता गोळा करणे हे अनेक आदिवासी कुटुंबांचे उन्हाळ्यातले उत्पन्न झाले. बिडी स्वस्त म्हणून ती शेतमजुराच्या आणि हमालाच्या खिशात गेली. ती सारखी विझते, म्हणून झुरके जोराने आणि जास्त वेळा घ्यावे लागतात. त्यामुळे धूर खोलवर जातो.

१९५० मध्ये इंग्लंडात रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी तंबाखूचा धूर आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीने दाखवला. भारतातील संशोधनांत बिडीबाबतही हेच आढळले. २००३ मध्ये सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला देशभर बंदी लागू झाली. चुलीचा धूर हा दुसरा धोका. तो मुख्यतः बायकांच्या वाट्याला आला. तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हे खान्देशच्या ग्रामीण घरातले नेहमीचे जळण. कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या पऱ्हाट्या शेतातून फुकट मिळत आणि स्वयंपाकघर धुराने भरून जाई. ज्या बाईने आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, तिच्या फुप्फुसातही या धुराचे कण साचत राहिले.

जगभरात २०२२ या एका वर्षात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख मृत्यू झाले. कर्करोगाच्या कोणत्याही अन्य प्रकाराने इतके बळी घेतले नाहीत. भारतात त्या वर्षी नव्या रुग्णांची संख्या ८० हजारांच्या आसपास होती. आजार उशिरा कळतो, ही यातली सर्वांत दुःखद गोष्ट. जुना खोकला बिडीचा समजला जातो, वजन घटले की क्षयाची शंका येते आणि कर्करोगाचे निदान होईपर्यंत गाठ बहुधा पसरलेली असते.

तुषार, पंप आणि पूड

श्वासावाटे औषध मोजून देण्याचे आधुनिक प्रयत्न अठराव्या शतकात सुरू झाले. १७७८ मध्ये इंग्रज वैद्य जॉन मज यांनी झाकणाच्या भांड्यातून वाफ ओढण्याचे साधन वर्णिले. १८५८ मध्ये पॅरिसच्या सॅल-गिराँ यांनी हातपंपाने औषधी पाण्याचे तुषार करणारे उपकरण दाखवले. आजच्या नेब्युलायझरचे हे पूर्वरूप. खरा बदल घडला तो १९५६ मध्ये. अमेरिकेतील रायकर लॅबोरेटरीजचे जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने, औषध अत्तराच्या फवाऱ्यासारख्या डबीतून का मिळू नये, असे विचारले. त्यातून दाबाखालच्या वायूवर चालणारा आणि दर दाबाला ठरावीक मात्रा सोडणारा इनहेलर जन्मला. १९६९ मध्ये सॅल्ब्युटामॉल बाजारात आले आणि दम्याच्या उपचाराची दिशाच पालटली.

पूड ओढण्याची साधने याच काळात आली. दमेकरी संशोधक रॉजर अल्टून्यान यांनी विमानाच्या पंख्यावरून सुचलेल्या छोट्या चकतीने कॅप्सूलमधली पूड श्वासाबरोबर उडेल असा स्पिनहेलर रचला. त्यानंतर ग्लॅक्सोचा रोटाहेलर आला. हाताचा दाब आणि श्वास यांची वेळ जुळवण्याची कटकट या साधनांत नव्हती. रुग्णाचा स्वतःचा श्वासच औषध ओढून घेई.

भारतात ही साधने सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती देशी उद्योगामुळे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये अमलात आला. त्यानुसार औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळे. त्यामुळे भारतीय कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध स्वस्तात बनवू शकल्या. १९३५ मध्ये मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी स्थापन केलेल्या सिप्ला कंपनीने सत्तरच्या दशकापासून दम्याचे इनहेलर देशात रुजवले. गावोगावच्या दवाखान्यांत इनहेलरला ‘पंप’ हे नाव पडले आणि नेब्युलायझर लावणे म्हणजे ‘मशीनची वाफ घेणे’ झाले. पंपाची सवय लागते आणि तो शेवटचा उपाय आहे, हा गैरसमजही या नावाबरोबर पसरला. डॉक्टरांना तो आजही समजावून दूर करावा लागतो. वस्तुतः पंपातून जाणारी मात्रा गोळीच्या मात्रेच्या मानाने फार कमी असते. ती थेट श्वासनलिकेत पोचते म्हणून पुरते.

मायक्रॉनचे गणित

श्वासावाटे औषध पोचवणे म्हणजे एका किचकट रचनेतून वाट काढणे. श्वासनलिकेला सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. शेवटी कोट्यवधी वायुकोशांच्या भिंतींपाशी हवा रक्ताला भेटते. या भिंती पसरून ठेवल्या तर त्यांचे क्षेत्रफळ ७० ते १०० चौरस मीटरच्या आसपास भरते. वाटेत श्लेष्मा कण पकडतो. पेशींवरचे सूक्ष्म केस तो श्लेष्मा वर ढकलत घशाकडे आणतात आणि वायुकोशांतील भक्षक पेशी उरलेले कण गिळतात.

कणांचा आकार मायक्रॉनमध्ये मोजतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. पाच मायक्रॉनपेक्षा मोठे कण वेगाने येऊन घशावर आणि मोठ्या नलिकांच्या वळणांवर आदळतात. एक ते पाच मायक्रॉनचे कण लहान नलिकांत आणि वायुकोशांत हळूहळू खाली बसतात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. त्याहून फार लहान कण मात्र हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडे-तिकडे ढकलले जात भिंतीला चिकटतात. म्हणून इनहेलरची पूड एक ते पाच मायक्रॉनच्या टप्प्यात ठेवावी लागते. एवढी बारीक पूड एकमेकींना चिकटते. म्हणून ती दुग्धशर्करेच्या मोठ्या कणांवर बसवतात. श्वास ओढताना दुग्धशर्करा घशात राहते आणि औषध सुटून पुढे जाते.

कर्करोग आणि नॅनोकण

केमोथेरपीचे औषध शिरेतून दिले की ते सगळ्या शरीरात फिरते. पाटाने शेताला पाणी दिले की झाडाच्या मुळाबरोबर मधली मोकळी जमीन आणि तणही भिजते, तसे हे होते. केस गळतात, रक्तपेशी घटतात, मूत्रपिंड आणि हृदय यांना इजा होते आणि गाठीपर्यंत मात्रेचा थोडाच भाग पोचतो. जळगावच्या केळीच्या बागांत ठिबक सिंचनाने पाणी थेट मुळाशी दिले जाऊ लागले. फुप्फुसाच्या गाठीला औषध श्वासावाटे देण्यामागचा विचारही असाच आहे. गाठीजवळ औषध जास्त पोचावे आणि बाकी शरीरात कमी जावे, हा त्याचा हेतू.

नॅनोकण म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजले जाणारे कण. हजार नॅनोमीटरचा एक मायक्रॉन. औषधवाहक नॅनोकण साधारण दहा ते काहीशे नॅनोमीटरचे असतात. त्यांची सुरुवात झाली लिपोसोमपासून. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ ॲलेक बँगहॅम यांनी मेदद्रव्याच्या दुहेरी थराचे हे पोकळ बुडबुडे दाखवले. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल हे लिपोसोममधील डॉक्सोरुबिसिन नॅनोऔषधांतील पहिले मानले जाते. २००५ मध्ये अल्ब्युमिन प्रथिनाच्या नॅनोकणांत बांधलेले पॅक्लिटॅक्सेल स्तनाच्या कर्करोगासाठी आणि २०१२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. ही सर्व औषधे शिरेतूनच दिली जातात.

श्वासावाटे केमोथेरपीचे प्रयोग त्यांना समांतर चालले. जपानमध्ये फ्लोरोयुरॅसिलचे तुषार देऊन पाहिले गेले. २००४ मध्ये लिपोसोममधील नायट्रोकॅम्पटोथेसिनच्या तुषारांची आणि २००७ मध्ये डॉक्सोरुबिसिनच्या तुषारांची रुग्णांवरील पहिल्या टप्प्याची चाचणी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मेदावरणातील सिस्प्लॅटिनची चाचणीही आली. औषध रक्तात कमी उतरते, हे या चाचण्यांत दिसले. पण खोकला, श्वासनलिकेचे आकुंचन आणि फुप्फुसाचा दाह हे त्रासही दिसले.

नॅनोकणाचा एक पेच आहे. काहीशे नॅनोमीटरचा कण एकटा असला तर इतका हलका असतो की श्वासाबरोबर आत जाऊन बराचसा परत येतो. म्हणून त्याला मोठ्या कणात बांधावे लागते. दुग्धशर्करा किंवा मॅनिटॉल यांच्या द्रावणात नॅनोकण मिसळून ते फवारून वाळवतात. दूध पावडर बनवण्याचे तंत्र तेच. वाळलेली पूड तीन-चार मायक्रॉनची होते, वायुकोशापाशी उतरते, ओलाव्यात विरघळते आणि तेथे नॅनोकण मोकळे होतात. मोकळे झालेले लहान कण श्लेष्माच्या जाळीतून पार होऊ शकतात आणि मोठ्या कणांना चट्कन गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या तावडीत कमी सापडतात. कायटोसान, पीएलजीए हे शरीरात विरघळणारे बहुवारिक म्हणजे पॉलिमर, घन मेदकण आणि प्रथिने ही अशा कणांची मुख्य सामग्री आहे. कणाच्या पृष्ठभागावर कर्करोगपेशीला ओळखणारा रेणू बसवला, तर औषध निरोगी पेशी टाळून गाठीकडे झुकावे, अशी अपेक्षा असते.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे काम मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, आयआयटीत, झाले. तेथे रिंती बॅनर्जी यांच्या गटाने फुप्फुसाच्या स्वतःच्या वंगणाकडे पाहिले. वायुकोश प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर त्यांच्यावर मेदद्रव्याचा पातळ थर पसरते. त्याच घटकांपासून बनवलेले बुडबुडे फुप्फुसाला परके वाटू नयेत, हा त्यांचा विचार होता. २०१४ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात या गटाने असे नॅनोबुडबुडे प्रसिद्ध केले. त्यांत पॅक्लिटॅक्सेल भरलेले होते आणि गाठीभोवतीच्या आम्लतेत ते सुटावे अशी रचना होती. तुषारांच्या रूपाने दिल्यावर उंदरांच्या फुप्फुसांत पसरलेल्या गाठींवर त्यांचा परिणाम दिसला. महाराष्ट्राला लागून असलेल्या गुजरातेत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अंबिकानंदन मिश्रा यांच्या गटाने लिपोसोमची ओढण्याजोगी पूड बनवण्यावर दीर्घकाळ काम केले.

खान्देशातील औषधनिर्माणशास्त्र

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला आणि औषध देणाऱ्याचे शिक्षण आणि नोंदणी यांना कायद्याचा आधार मिळाला. त्याआधीचा कंपाउंडर डॉक्टरच्या चिठ्ठीवरून मिक्श्चर कालवी, बाटलीला मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी आणि पुड्या बांधी. पदवीचे शिक्षण फार काळ मुंबई, पुणे आणि नागपूर यांसारख्या शहरांपुरते होते. १९८३ नंतर महाराष्ट्राने खासगी विनाअनुदानित तांत्रिक महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हा तालुक्याच्या गावांतही अशी महाविद्यालये निघाली.

१५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात आणि रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत बहुवारिक, सूक्ष्मसंपुटे आणि नॅनोपदार्थ यांवर काम झाले. औषध किंवा खत एखाद्या कवचात भरून हळूहळू सोडायचे, ही त्यामागची मूळ कल्पना श्वासावाटे औषध देण्याच्या तंत्रालाही लागू पडते.

धुळे जिल्ह्यात तापीच्या काठाजवळील शिरपूर हे या विद्येचे ठळक केंद्र झाले. तेथे १९९२ मध्ये आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र शिक्षण आणि संशोधन संस्था सुरू झाली. पुढे त्याच गावात एच. आर. पटेल यांच्या नावाची औषधनिर्माणशास्त्र संस्था आणि एनएमआयएमएस विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभागही आला. जळगाव जिल्ह्यात चोपडा आणि फैजपूर येथे महाविद्यालये निघाली. शिरपूरच्या प्रयोगशाळांतून नाकावाटे द्यायच्या औषधांची जेल आणि सूक्ष्मकण, चिंचोक्यांतील झायलोग्लुकनसारख्या वनस्पतिज डिंकांचा औषधवाहक म्हणून वापर आणि कर्करोगाची खूण ओळखणारे ग्राफिनचे नॅनोकण यांविषयीचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. नाक हे श्वासमार्गाचे दार आहे. तेथे औषध किती वेळ चिकटून राहते, श्लेष्मा त्याला किती लवकर वाहून नेतो आणि आतल्या पडद्याला इजा होते का, हे प्रश्न फुप्फुसासाठी औषध घडवतानाही तसेच पुढे उभे राहतात.

या शिक्षणात कणांचे गणित हाताने शिकले जाते. पूड फवारून वाळवायची, प्रकाशकिरणाच्या विखुरण्यावरून कणाचा आकार मोजायचा, त्याच्या पृष्ठभागावरचा विद्युत्भार पाहायचा आणि मग ती पूड पंपाच्या साहाय्याने काचेच्या कृत्रिम घशातून आणि चाळण्यांच्या थरांतून ओढायची. प्रत्येक थरावर किती औषध अडले ते तपासले की पूड माणसाच्या फुप्फुसात कुठवर जाईल, याचा अंदाज येतो. त्यानंतर काचेत वाढवलेल्या कर्करोगपेशींवर चाचणी होते आणि मग, रीतसर परवानगी असेल तर, प्राण्यांवर. ज्या मुलखात जिनमधल्या धुळीचे कण लोकांच्या छातीत जात राहिले, तेथील विद्यार्थ्याने आज मायक्रॉनच्या दशांशापर्यंत औषधाचा कण मोजावा, हा बदल लहान नाही.

उरलेली वाट

श्वासावाटे द्यायच्या कोणत्याही केमोथेरपी औषधाला फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सर्रास वापराची मान्यता अजून मिळालेली नाही. लिपोसोमचे तुषार मात्र रुग्णालयापर्यंत पोचले आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत अमिकासिन या प्रतिजैविकाचे लिपोसोममधील श्वासौषध फुप्फुसाच्या एका चिवट जिवाणुसंसर्गासाठी मान्य झाले. कर्करोगापुढच्या अडचणी वेगळ्या आहेत. गाठ श्वासनलिका दाबते, तेव्हा त्या भागात हवा कमी जाते आणि औषधही कमी पोचते. गाठीच्या आतल्या थरांत कण सहज शिरत नाहीत. बिडी आणि धूर यांनी आधीच खराब झालेल्या फुप्फुसाची दाह सोसण्याची ताकद कमी असते. कर्करोग मेंदू किंवा हाडांत पसरला असेल, तर केवळ फुप्फुसापुरते औषध पुरत नाही. विषारी औषधाचे तुषार खोलीत पसरले, तर परिचारिका आणि नातेवाईक यांनाही धोका असतो. म्हणून त्यासाठी बंदिस्त व्यवस्था लागते. शरीरात न विरघळणारे नॅनोकण फुप्फुसात साचले, तर तेच नव्या आजाराचे कारण ठरू शकतात. डिझेलच्या धुरातील अतिसूक्ष्म कणांनी ते दाखवून दिले आहे.

या कारणांनी नियमही कडक झाले. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने २०१९ मध्ये नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी नवी औषधे आणि रुग्णचाचण्या यांचे नियम लागू झाले. कणाचा आकार, तो किती दिवस टिकतो, शरीरातून कसा बाहेर पडतो आणि प्रत्येक घाण्यात सारखाच बनतो का, हे सिद्ध केल्याशिवाय माणसावर चाचणी करता येत नाही. प्रयोगशाळेतली थोडी पूड आणि कारखान्यात सारख्या गुणाने बनणारा हजारो किलोंचा माल यांत मोठे अंतर आहे. बहुतेक संशोधन त्या अंतरावरच थांबते.

उपचाराचे काम डॉक्टरांच्या हाती आहे. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गेल्या दशकापासून चालू आहे. तरी फुप्फुसाच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण आजही मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरतात. ते रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पंपासारख्या साधनातून घरच्या घरी घेता येणारे औषध कधी सिद्ध झाले, तर त्याचा सर्वांत मोठा लाभ अशा दूरच्या रुग्णांना होईल. भुसावळहून रात्रीची गाडी पकडून दर तीन आठवड्यांनी सलाइनसाठी मुंबई गाठण्याचा खर्च आणि शीण त्यांचा वाचेल.

तोवर या आजाराविरुद्धचे सर्वांत खात्रीचे उपाय जुनेच आहेत : बिडी-सिगारेट सोडणे, चुलीच्या जागी गॅस वापरणे, जिनिंगमधील धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवणे आणि दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला तपासून घेणे.